सुक्या लाकडाची कात्री

जिवंत झाडाच्या फांद्या कापायला मी मेलेल्या लाकडाची कात्री विकत घेतली.

हे वाक्य असं एकटं ठेवलं की त्यात काहीतरी खोल असल्यासारखं वाटतं. तसं काही नाही. लांब दांड्यांच्या झाडकात्र्या दोन जातींच्या असतात. एका जातीत दोन पाती एकमेकांना घासून जातात, घरातल्या कात्रीसारखी. ती ओल्या फांदीसाठी. दुसऱ्या जातीत पातं एकच, आणि ते खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसतं, सुरी पाटावर बसावी तसं. ती सुक्या फांदीसाठी. ओल्या फांदीवर ती चालवली तर फांदी कापली जात नाही, चेंगरते. मी दुसरी घेतली, कारण ती जास्त दणकट दिसत होती.

चूक कुणाच्याही हातून होते असं म्हणून सुटावं, तर मी नोकरीभर रबाळ्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. तीन ठिकाणची कोटेशनं समोर आल्याशिवाय मी टाचण्यांचं पाकीट आत येऊ दिलं नाही. मला कॉरिडॉरमध्ये बघून वर्कशॉपची माणसं वाट बदलायची. एकाने हातमोजे मागितले, तर मी त्याला विचारलं होतं, कुठल्या हाताचा आधी फाटतो. असा माणूस. घरात मात्र झाडू आणायचा असला तरी बायको मला दुकानाबाहेर पिशवी देऊन उभा करायची आणि एकटी आत जायची. "तुम्ही आत आलात तर शटर पडेपर्यंत झाडू ठरायचा नाही," म्हणायची.

झाड वडाचं. वाशीत तळमजल्याच्या फ्लॅटमागे, स्वयंपाकघराची खिडकी आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी असते, तिथे. त्या पट्टीत लोक कढीपत्ता लावतात, गवती चहा लावतात, फार तर जास्वंद. वड कोणी लावत नाही. आम्हीही लावला असं म्हणता येणार नाही. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मार्केटबाहेर वडाच्या फांद्यांच्या जुड्या विकायला येतात. फ्लॅटमधल्या बायका त्यातली एक घरी आणून पुजतात, दोरा गुंडाळतात, सात जन्म हाच नवरा मागतात, आणि दुसऱ्या दिवशी ती फांदी हळदीकुंकवासकट कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी असते. माझ्या बायकोला ते पटायचं नाही. तोडलेल्या फांदीकडे कुणाचं आयुष्य मागायचं म्हणजे भिकाऱ्याकडे सुटे पैसे मागण्यासारखं आहे, असं तिचं म्हणणं. एका वर्षी तिने पूजा झाल्यावर ती फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात माती घालून खोचली.

"मरेल चार दिवसांत," मी म्हणालो.

माझा अंदाज चुकायची ती पहिली वेळ नव्हती. पण ज्या चुकीला पुढे पारंब्या फुटल्या, अशी ती पहिलीच.

डबा पुरेना झाला तेव्हा तिने तो वड मागच्या पट्टीत उतरवला. मग बिल्डिंगमधल्या बायका फांदी विकत आणायच्या बंद झाल्या आणि दर वर्षी आमच्या स्वयंपाकघरातून, ओट्याला वळसा घालून, मागच्या दाराने पट्टीत जायला लागल्या. आणि दर रविवारी सकाळी चहा झाला की बायको लाल मुठींची छोटी कात्री घेऊन मागे जायची. बोटाएवढी फांदी दिसली की कट. पारंबी लोंबायला लागली की कट. त्यामुळे वड असूनही तो खिडकीच्या उंचीचा, आज्ञाधारक राहिला होता. मी त्याला तिचा दुसरा नवरा म्हणायचो. "पहिल्यापेक्षा ऐकतो," ती म्हणायची.

मग आजारपण आलं. लाल मुठींची कात्री दोनेक वर्षं खिळ्याला लटकून राहिली, आणि वडाच्या लक्षात आलं की आपण वड आहोत.

ती थंडीत गेली. मे उजाडेपर्यंत एक फांदी पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये शिरली होती आणि दुसरी सोसायटीच्या भिंतीवर कोपर टेकून, पलीकडे काय चाललंय ते बघत असल्यासारखी रेलली होती. भिंतीला चीर गेली. वरच्या मजल्यावर मुंग्या गेल्या.

वर राहतात त्या वहिनी वाशीगावातल्या, मूळच्या आगरी. त्यांच्या सासऱ्यांची शेतं होती तिथे आता आमच्यासारख्यांचे फ्लॅट आहेत, ही गोष्ट त्या दर दिवाळीला एकदा तरी आठवण करून देतात. गावात त्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, आणि भाडेकरूंशी बोलता बोलता जो आवाज तयार झाला, त्याच आवाजात त्या सगळ्यांशी बोलतात. माझ्या बायकोचं आणि त्यांचं गूळपीठ होतं. ही खिडकीतून आणि त्या वरच्या ग्रिलमधून, अशा दोघी तासन्‌तास बोलायच्या. मधल्या हवेत माझ्याबद्दल काय काय गेलं असेल, ते मी कधी विचारलं नाही.

तक्रार त्यांनीच केली. "कंप्लेंट केली हाय हां भाऊ मी," असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलंही. "तुमचा वड माझ्या डाळीच्या डब्यात मुंग्या पाठवतो."

"कापतो," मी म्हणालो.

"कवा?"

त्यावर मी काहीतरी म्हणालो असेन. त्या दिवसांत मी सगळ्यांना काहीतरी म्हणत होतो. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो आणि ओठ चावला गेला तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही, तसे माझे सगळे दिवस चालले होते. भूक लागायची, झोप यायची, वीज गेली की मेणबत्ती सापडायची. भेटायला आलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, आता रडेल, मग रडेल. त्यांची निराशा बघवायची नाही म्हणून मी उठून चहा टाकायचो. चहात साखर घालायला विसरलो की त्यांना जरा बरं वाटायचं. एकमेकांकडे बघून मान हलवायचे. साखर मी लग्नाआधीपासून विसरतो, हे त्यांना सांगणार कोण.

सोसायटीचा सेक्रेटरी तरुण आहे, मला काका म्हणतो. तो एका संध्याकाळी दारातच उभा राहून बोलला.

"काका, राग मानू नका, पण कमिटीत विषय झालाय. पावसाच्या आधी छाटणीचा मशीनवाला येतोय. परवानगी आलीये. ती ग्रिलमधली आणि भिंतीवरची, अशा दोन फांद्या तुम्ही आधी काढून घेतल्यात तर मी बोलीन, झाड राहू दे. नाहीतर तो बुंध्यातूनच घेणार. त्याला एकेक फांदी करत बसायला टाइम नसतो."

"कधी येतोय?"

"हा रविवार सोडून पुढचा. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन मी घेतलं नाही. घ्यायला जागाच नव्हती. वड मला हवा होता का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. फ्रिजमधलं दही ठेवायचं की फेकायचं हेसुद्धा मला ठरवता येत नव्हतं. पण तिचा चष्मा टीव्हीच्या बाजूला होता तिथेच होता, कपाट होतं तसंच होतं, आणि तिच्या मागे राहिलेल्या सगळ्या वस्तूंत अजून वाढत होती अशी वस्तू ही एकच. ती बुंध्यातून गेली तर, एवढा विचार केला आणि पुढचा विचार आला नाही. म्हणून मी माळ्याला बोलावलं.

सोसायटीचा माळी चांगला आहे. नारळ, अशोक, गुलमोहर, काहीही सांगा. तो मागे आला, वर बघितलं, चप्पल काढली, झाडाला हात लावून नमस्कार केला आणि परत चप्पल घातली.

"बड़ नहीं काटता साहब. बाल-बच्चेवाला आदमी हूँ."

"पूरा नहीं. दो डाली."

"डाली भी बड़ की ही है ना साहब."

मशीनला पोरंबाळं नसतात, त्यामुळे मशीनवाल्याला अडचण नव्हती. मला एक मुलगा आहे, तो परदेशात असतो आणि रोज फोन करतो. त्याला विचारावं का, वडाची फांदी कापली तर तुला चालेल का, असंही मनात आलं. मग वाटलं, इतक्या दिवसांनी बाप काहीतरी बोलला आणि ते हे.

तर कापायचं मलाच होतं. पहिल्यांदा लाल मुठींची कात्री घेतली. बोटाएवढ्या फांदीची ती कात्री, मी ती मनगटाएवढ्या फांदीला लावली आणि दोन्ही हातांनी आवळली. आतली स्प्रिंग उडाली, भिंतीवर आपटली आणि गटारात गेली. वरून आवाज आला, "गेली काय?" वहिनी ग्रिलमध्ये पानांच्या मागे होत्या. त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज. वडच बोलल्यासारखं वाटलं.

मग मी मोठी कात्री निवडायला बसलो. निवडायला बसणं मला येतं. नोकरीत तेच केलं होतं. पात्याची लांबी, दांड्याची लांबी, वजन, मूठ रबरी की साधी. रात्रीचं जेवण झालं की मी फोनवर झाडं कापण्याचे व्हिडिओ बघायचो. त्यात एक गोरा गृहस्थ होता. चामडी हातमोजे घालून, फांदीची क्षमा मागत असल्यासारखा हळू आवाजात तो सांगायचा, मोठी फांदी कशी कापावी. आधी खालून अर्धवट चीर द्यायची, मग थोडं पुढे सरकून वरून कापायचं, फांदी पडू द्यायची, आणि उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळ काढायचा. खालून चीर दिली नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल ओढत नेते. मी हे इतक्या वेळा बघितलं की झोपेत म्हणून दाखवलं असतं. वडाचा व्हिडिओ मात्र कुणीच केलेला नव्हता.

यात पहिला रविवार गेला. मला वाटतं, आणखी दोन रविवार असते तर तेही गेले असते. निवड चालू आहे तोवर कापायचं नसतं, हे खरेदी खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कात्री मधल्या आठवड्यात घरपोच आली. मी खोका फाडला आणि तसाच मागे गेलो.

"काय आनला भाऊ?"

"कात्री."

"एवढी मोठी? हत्तीची नखं कापायला जाताव काय?"

आधी हात बसावा म्हणून मी ती त्या दोन फांद्यांच्या मधल्या एका बारक्या फांदीला लावली आणि दांडे जवळ आणले. कच्चकन आवाज आला. मला वाटलं, झालं. बघतो तर फांदी चघळून टाकलेल्या उसासारखी चपटी झाली होती. तुटलेली नव्हती. पातं आत रुतलं होतं, आणि दोन्ही बाजूंनी पांढरा चीक बाहेर येऊन पट्टीवर, पात्यावर, माझ्या मनगटावर उतरत होता. दांडे उघडायला गेलो, उघडेनात. चिकाने डिंकासारखं धरलं होतं. मी लोंबकळलो. मी लोंबकळू शकलो, म्हणजे फांदी अजून भक्कम होती. शेवटी कात्री तिथेच सोडून मी आत आलो आणि वरण गरम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच फांदीला लटकत होती. वहिनी वरून बघत होत्या.

"झाडाला कात्री लागली," त्या म्हणाल्या. "पिकल कवा?"

मग मी खोका वाचला. खोक्यावर एका कोपऱ्यात लिहिलं होतं की ही फक्त वाळलेल्या, मेलेल्या लाकडासाठी आहे. बाकी सगळं मी तुलना करून बघितलं होतं, खोका सोडून. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला माझ्या टेबलासमोर उभा केला असता. त्याला पाणीही विचारलं नसतं.

कात्री सोडवायला गरम सुरी लागली आणि बरंच खोबरेल. चीक तेलाने सुटतो, पाण्याने नाही, हे तेव्हा कळलं. हातावरचा मात्र दोन दिवस राहिला, काळा पडून.

आता दुकानात जायला हवं होतं, आणि दुकानात पहिला प्रश्न जाडीचा येणार, एवढं मला कळत होतं. मोजायची टेप घरात आहे. कुठे आहे ते तिला माहीत होतं. मी सगळे खण उघडले. शेवटी आरशाच्या खणात तिच्या बांगड्या सापडल्या, रोजच्या, खोट्या. कारखान्यात आम्ही सळईची जाडी तपासायला कडी वापरायचो. कडीतून गेली तर पास, अडकली तर परत. मी एक बांगडी घेतली आणि मागे जाऊन फांद्यांना लावून बघितली. भिंतीवरची फांदी बांगडी भरून होती. ग्रिलमधली बांगडीच्या बाहेर दोन्हीकडून दिसत होती, पोटरीएवढी. तिच्या हातात होती तेव्हा ही फांदी बोटाएवढीही नव्हती. मधली सगळी जाडी आजारपणातली. मला काही झालं नाही. बांगडी खिशात घातली आणि बस पकडून बाजारात गेलो.

हार्डवेअरच्या दुकानातल्या शेठने बांगडी काउंटरवर बघितली आणि म्हणाला, "बांगड्या पुढच्या गल्लीत."

"नाही, हे माप आहे. एक फांदी एवढी आहे. एक याच्याहून मोठी."

त्याने बांगडी उचलून डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. "काका, बांगडीच्या अर्ध्यापर्यंत असेल तर कात्री चालेल. बांगडी भरली की कात्री विसरायची. करवत."

"आणि कोयता?"

"कोयता चालवता येतो तुम्हाला?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

त्याने एक वाकड्या पात्याची, मुठीत मिटणारी करवत काढली. बारक्या फांद्यांसाठी दोन पात्यांची, ओल्या लाकडाची कात्री काढली. मी म्हटलं, अजून दोन प्रकार दाखवा. त्याने दाखवले. मी म्हटलं, यात फरक काय. त्याने सांगितला. मी म्हटलं, जरा शेजारच्या दुकानात विचारून येतो. तो म्हणाला, "या, या. मी जेवून घेतो तोपर्यंत." मी तीन दुकानं फिरलो आणि परत त्याच्याकडेच आलो. तो हात धुवून बसला होता.

"झाड कुठलं?" करवत कागदात गुंडाळताना त्याने सहज विचारलं.

"वड."

त्याचा हात थांबला. मग त्याने गाठ मारली आणि पुडकं माझ्याकडे सरकवलं. "आमच्याकडून नेली म्हणून कुणाला सांगू नका."

शनिवारी सकाळी मी शिडी लावली. शिडी फांदीला नाही, भिंतीला लावली. तेवढी अक्कल शिल्लक होती. करवत भिंतीवरच्या फांदीवर ठेवली आणि जोरात पुढे ढकलली. पातं वाकलं, टणकन सरळ झालं आणि माझ्या कानाजवळून गेलं.

"खेचा," वरून आवाज आला. "ढकलता काय? बंद पडलेली गाडी हाय काय ती?"

दाते मुठीकडे वळलेले होते. ही करवत ओढताना कापते. ढकलायची ती सुताराची. मी ओढली. कापायला लागली. पांढरा चीक पात्याच्या दोन्ही बाजूंनी यायला लागला, तो मी तेलाच्या फडक्याने पुसत राहिलो. थोड्या वेळाने हाताला मुंग्या आल्या. बाकी अंगाला त्या आधीच आलेल्या होत्या, त्यामुळे निदान हात आणि मी एका पातळीवर आलो. ओढ, पूस, ओढ, पूस. बरं वाटत होतं असं नाही. पण वाईट वाटत नव्हतं, आणि ते काम होतं.

तो गोरा गृहस्थ मला आठवला तेव्हा फांदी निम्म्याच्या पुढे कापून झाली होती. खालून चीर द्यायची राहिली होती. मी करवत काढायला गेलो, तेवढ्यात फांदी कडाडली, वाकली, आणि पडता पडता बुंध्याची साल ओढत खाली निघाली, केळं सोलावं तशी. मी शिडीवर, हातात तेलाचं फडकं. मला स्पष्ट दिसत होतं की ही साल आता मुळापर्यंत जाणार आणि मशीनवाल्याला करण्यासारखं काही उरणार नाही.

साल दोऱ्यांपाशी थांबली.

चमत्कार वगैरे नाही. इतक्या वर्षांचा दोरा, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी एकावर एक गुंडाळलेला. खालचे वेढे सालीत रुतून झाडाचेच झाले होते, वरचे करडे पडून दोरखंडासारखे घट्ट. त्या पट्ट्याने साल आवळून धरली होती, एवढंच. मी खाली उतरलो, लोंबणारी साल सुरीने नीट कापून काढली आणि तिथेच पायरीवर बसलो.

सगळ्यात वरचे वेढे मला ओळखू आले. ते वाकडेतिकडे होते, कुठे सैल, कुठे एकावर एक. ते माझे होते. मागच्या वर्षी वटपौर्णिमेला ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. बाहेर यायची ताकद नव्हती. तिने खिडकीतून रीळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "माझ्या वतीने तुम्ही फिरा." म्हणजे माझ्या आयुष्यासाठी मीच फेऱ्या मारल्या. इतकी स्वार्थी पूजा त्या पट्टीत कधी झाली नसेल. प्रत्येक फेरीला मी भिंत आणि बुंधा यांच्यामध्ये पोटाला अडकायचो, श्वास आत ओढून सुटायचो, आणि दोरा शर्टाच्या गुंडीत गुंतायचा. वरून वहिनी खिडकीतल्या हिला काहीतरी म्हणाल्या. ही हसली. खूप दिवसांनी, आवाज करून, खोकला येईपर्यंत हसली. वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नव्हतं. मी अडकलेलो होतो. नंतर विचारलं तर म्हणाली, "आमच्यातलं आहे."

पायरीवर बसून मी ते सगळं आठवलं आणि वाट बघितली. माणसं माझ्याकडे बघत बसायची तसा मीही माझ्याकडे बघत बसलो. काही आलं नाही. मग उठलो आणि ग्रिलमधली फांदी कापली. आधी खालून चीर, मग पुढून वरून, मग खुंट. तिला संध्याकाळ झाली. वहिनींनी वरून फांदीचा शेंडा धरून ठेवला म्हणून त्यांच्या काचा वाचल्या. फांदी खाली आली तेव्हा त्यांच्या ओट्यावरची डब्यांची रांग खालून दिसायला लागली.

रविवारी सेक्रेटरी मशीनवाल्याला घेऊन मागे आला. मशीनवाल्याने झाडाकडे बघितलं. एका बाजूला सोललेला बुंधा, त्यावर मी तेल आणि हळद फासलेली, कुणी सांगितलेलं नसताना. दुसऱ्या बाजूला बरोबर कापलेली गोल चकती, आणि मधे उरलेली एक बारकी फांदी, चेंगरलेली, चपटी, तरी पानं धरून.

"ये किसने काटा?"

सेक्रेटरीने माझ्याकडे बोट केलं. मशीनवाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुढच्या अशोकाकडे गेला.

"राहू दे काका झाड," सेक्रेटरी म्हणाला. "मी बोलतो कमिटीत. फक्त... हे भरून येईल ना?"

"येईल," मी म्हणालो. माझ्या अंदाजाला वडाच्या बाबतीत काय किंमत आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तो गेला. मशीन समोरच्या बाजूला सुरू झालं. वहिनी ग्रिलमध्ये उभ्या होत्या, आता अडसर नसल्यामुळे पूर्ण दिसत होत्या. ग्रिलमध्ये अडकलेली वाळकी पानं त्या एकेक काढून खाली टाकत होत्या, बरोबर माझ्या अंगावर.

"वहिनी," मी वर बघून म्हणालो, "मागच्या वर्षी मी फेऱ्या मारत होतो तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?"

"कवा?"

"ती खिडकीत बसलेली. तुम्ही काहीतरी बोललात आणि ती हसली."

त्यांनी पान काढायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"मी बोलली," वहिनी म्हणाल्या, "तुझा नवरा टाचनी घ्यायला तीन दुकानं फिरतो, आनि तू सात जन्मांचा माल एकाच दुकानातून उचलतंस, तो पन असा."